शाई फासलेली पानं : जपानच्या शाळेतल्या इतिहासाची गोष्ट

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अं' बरेचसे काढलेत. सगळे नाही निघाले.)

आज थेट गोष्टीवर येतो.

मध्यंतरी टोकियोतल्या एका क्लायंटच्या प्रोजेक्टवर मी आठ महिने तिकडे होतो. राहायला निशिकासाईत, जिथे निम्मे भारतीय इंजिनिअर राहतात. टीममध्ये एक सीनियर होते, पन्नाशी ओलांडलेले, फार कमी बोलायचे. एकदा कोड रिव्ह्यू चालू होता. मी एक जुनं फंक्शन डिलीट न करता नुसतं कमेंट करून ठेवलं होतं. आपण सगळेच करतो, उगाच भीती वाटते म्हणून. ते स्क्रीनकडे बघून हसले आणि म्हणाले, "हे माझ्या आईच्या शाळेच्या पुस्तकासारखं झालं."

मला काहीच कळलं नाही. दुपारी जेवताना त्यांनी सांगितलं. १९४५ साली त्यांची आई चौथीत होती. ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली. सुट्टीनंतर शाळा भरली, तेव्हा बाईंनी वाचनाचं पुस्तक काढायला सांगितलं, शाई आणि कुंचला काढायला सांगितला. मग पान नंबर, ओळ नंबर. या ओळीपासून त्या ओळीपर्यंत काळं करा. काही पानं अख्खी काळी. त्यांच्या आईला खटकलं ते वेगळंच होतं. बाई त्याच होत्या. ज्या ओळी उन्हाळ्यापर्यंत त्यांनी उभं करून पाठ म्हणून घेतल्या, त्याच ओळी आता त्या पुसायला सांगत होत्या. आणि का, ते एका शब्दाने सांगत नव्हत्या.

हे एका शाळेत झालं नाही. शिक्षण मंत्रालयाचं परिपत्रकच निघालं होतं, २० सप्टेंबर १९४५ ला. युद्धाचं कौतुक करणारा मजकूर काढा. नवीन पुस्तकं छापायला कागद नव्हता, म्हणून मुलांच्या हातूनच पुसून घेतला. सुरुवात भाषेच्या पुस्तकांपासून झाली. इतिहासाच्या पुस्तकाचं तर शाई फासून भागण्यासारखंच नव्हतं. ३१ डिसेंबरला अमेरिकन लष्करी प्रशासनाने आदेश काढला की इतिहास, भूगोल आणि नीतिशिक्षण हे तीन विषय शिकवणंच थांबवा आणि पुस्तकं परत गोळा करा. एका आख्ख्या देशात काही महिने इतिहास हा विषय शाळेत नव्हता.

असं काय होतं त्या पुस्तकात? मी रूमवर येऊन वाचायला बसलो आणि त्या विकेंडला दुसरं काही केलं नाही.

पहिला धडा सूर्यदेवीचा, अमातेरासुचा. तिने आपल्या नातवाला स्वर्गातून खाली पाठवलं, त्याच्या वंशातला जिम्मू हा पहिला सम्राट, तो इसवी सनापूर्वी ६६० मध्ये गादीवर बसला, आणि तेव्हापासून एकच घराणं अखंड राज्य करतंय. ही पुराणकथा म्हणून नव्हती हं, इतिहास म्हणून होती. वर्ष वगैरे देऊन. १९४० मध्ये या गादीला २६०० वर्षं झाली म्हणून देशभर सोहळा केला गेला.

आता इथे मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट सांगतो. जपानमध्ये १८९९ सालीच सरकारने शाळांत धर्मशिक्षण द्यायला बंदी घातली होती. सरकारमान्य खासगी शाळांतसुद्धा. कागदावर बघाल तर एकदम सेक्युलर व्यवस्था. मग देवी वर्गात शिरली कशी? सरकारचं म्हणणं असं की शिंतो देवळातले विधी हा धर्मच नाही, तो नागरिकाचा कर्तव्याचा भाग आहे. झालं. धर्माच्या तासाला बंदी, आणि धर्म आला इतिहासाच्या तासाला. परीक्षेत त्यावर मार्क.

ही गोष्ट एका रात्रीत झाली नाही. १८९० मध्ये सम्राटाच्या नावाने शिक्षणाविषयीचा एक राजादेश निघाला होता. शाळेत समारंभ असला की मुख्याध्यापक तो वाचून दाखवायचे आणि मुलं मान खाली घालून ऐकायची. त्याची प्रत आणि सम्राटाचा फोटो ठेवायला शाळांच्या आवारात वेगळी छोटी इमारत असायची. आग लागल्यावर तो फोटो वाचवताना मुख्याध्यापकांचे जीव गेल्याच्या घटना आहेत. १८९१ मध्ये कांझो उचिमुरा नावाचा एक ख्रिस्ती शिक्षक त्या राजादेशापुढे पुरेसा वाकला नाही, म्हणून त्याची नोकरी गेली.

इतिहासकारांचं काय? टोकियो विद्यापीठात कुनिताके कुमे म्हणून प्राध्यापक होते. त्यांनी लिहिलं की शिंतो म्हणजे आकाशाची पूजा करायची एक जुनी लोकरीत आहे. लेख अभ्यासकांच्या नियतकालिकात आला तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही. १८९२ मध्ये तो एका जास्त खपाच्या मासिकात पुन्हा छापला गेला, आणि शिंतो मताचे काही लोक थेट त्यांच्या घरी जाऊन धडकले. काही दिवसांत कुमेंना पदावरून जावं लागलं. अभ्यासकांनी आपसात बोलावं, पोरांपर्यंत आणि लोकांपर्यंत पोचवू नये, अशी एक अलिखित रेघ तिथे आखली गेली. मला वाटतं ही रेघ बंदीपेक्षा जास्त घातक होती, कारण ती सगळ्यांना सोयीची होती. विद्यापीठात खरं बोला, शाळेत गोष्ट सांगा.

तोवर पाठ्यपुस्तकं खासगी प्रकाशकच काढत होते. मग १९०२ मध्ये मोठा लाचखोरीचा घोटाळा बाहेर आला. प्रकाशक आपलं पुस्तक लागावं म्हणून अधिकाऱ्यांना पैसे चारत होते. असं सांगतात की एका प्रकाशकाची हिशोबाची वही ट्रेनमध्ये राहिली आणि सगळं उघडं पडलं. शंभराहून जास्त लोक त्यात अडकले. लोक चिडले, आणि सरकारने भ्रष्टाचार थांबवायचा म्हणून १९०४ पासून पुस्तक लिहायचं कामच स्वतःकडे घेतलं. एक विषय, एक पुस्तक, लेखक सरकार. कारण एकदम वाजवी वाटतं ना? मलाही तेव्हा पटलं असतं.

सात वर्षांत त्याचा परिणाम दिसला. १९११ चं प्रकरण आहे, थोडं सावकाश ऐका. चौदाव्या शतकात जपानमध्ये जवळपास ५६ वर्षं, १३३६ ते १३९२, दोन राजदरबार होते. एक क्योटोत, उत्तरेचा. एक योशिनोच्या डोंगरात, दक्षिणेचा. दोन्हीकडे सम्राट. शिक्षण मंत्रालयात पाठ्यपुस्तकं तयार करणारे सादाकिची किता हे इतिहासकार होते. सरकारी पुस्तकात मांडणी अशी होती की दोन्ही दरबार होते, त्यात खरा कुठला आणि खोटा कुठला हे ठरवत बसू नका. जानेवारी १९११ मध्ये एका वर्तमानपत्राने यावर टीका केली. एका वेळी दोन खरे सम्राट असतीलच कसे? मग मुलांना निष्ठा कोणाशी शिकवायची? त्याच महिन्यात सम्राटाच्या खुनाच्या कटाच्या आरोपावरून शूसुई कोतोकु आणि इतरांना फाशी झाली होती, वातावरण आधीच तापलेलं. विरोधकांनी संसदेत विषय उचलला. पंतप्रधान तारो कात्सुरा यांचं सरकार घाबरलं. कितांना निलंबित केलं आणि सम्राटाकडून निर्णय आणला की दक्षिणेचाच दरबार खरा. पुस्तकातल्या धड्याचं नाव बदलून 'योशिनोचा दरबार' झालं. उत्तरेचा दरबार नावापुरताही उरला नाही.

यातली गंमत म्हणजे, गंमत म्हणवत नाही पण, तेव्हा गादीवर असलेले सम्राट मेइजी हे स्वतः उत्तरेच्या घराण्यातले होते.

सहाशे वर्षांपूर्वीच्या भांडणाचा निकाल संसदेच्या अधिवेशनात लागला. नवा पुरावा सापडला नव्हता, कोणी नवीन कागद वाचला नव्हता. सरकार एकच पुस्तक छापत होतं, म्हणून सरकारला धमकावलं की देशातल्या प्रत्येक मुलाचं पुस्तक बदलत होतं. प्रकाशक दहा असते तर दहा जणांशी भांडावं लागलं असतं. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात.

पुढचं तुम्हाला अंदाजाने सांगता येईल. १९४० मध्ये सोकिची त्सुदा या अभ्यासकाची पुस्तकं बंद केली गेली. त्यांनी दाखवलं होतं की 'कोजिकी' आणि 'निहोन शोकी' या आठव्या शतकातल्या ग्रंथांमधले सुरुवातीचे सम्राट ऐतिहासिक मानता येत नाहीत. त्यांच्यावर खटला झाला. आणि वर्गात चौथीतली मुलगी देवी, वंश, युद्ध, बलिदान हे एका सरळ रेषेत पाठ करत होती.

मग शरणागती, मग शाई. १९४६ च्या शरद ऋतूत इतिहास पुन्हा सुरू झाला. नवीन पुस्तकाचं नाव 'कुनी नो आयुमी', म्हणजे देशाची वाटचाल असं काहीतरी. पहिल्या धड्यात देवी नाही, अश्मयुग. लोक कशी हत्यारं वापरायचे, काय खायचे. हा प्राचीन काळाचा भाग लिहिणारा माणूस ३३ वर्षांचा होता, साबुरो इएनागा. इथून पुढची गोष्ट त्याची आहे, आणि खरं तर मला याच माणसामुळे हा भाग करावासा वाटला.

इएनागा युद्धाच्या काळात शिक्षक होते. जे पुस्तकात होतं ते शिकवलं. त्यांचे विद्यार्थी युद्धावर गेले, काही परत आले नाहीत. आपण गप्प बसलो याची टोचणी त्यांनी नंतर लिहून ठेवली आहे. हिरो म्हणावा असा भूतकाळ नाही. कदाचित म्हणूनच पुढचं जमलं.

१९४७ नंतर पद्धत बदलली. पुस्तक कोणीही लिहावं, प्रकाशकाने छापावं, पण आधी शिक्षण मंत्रालयाने तपासून मंजूर करावं. इएनागांनी हायस्कूलसाठी 'शिन निहोनशी', म्हणजे नवा जपानी इतिहास, हे पुस्तक लिहिलं. १९५० च्या दशकात ते शाळांत लागलं. पण १९५५ मध्ये सत्तेतल्या पक्षाने पाठ्यपुस्तकं डावीकडे झुकलीत अशा पत्रिका काढल्या, १९५६ पासून मंत्रालयात पूर्णवेळ तपासनीस नेमले गेले, आणि मंजुरी कडक होत गेली. १९६३ मध्ये त्यांची नवी आवृत्ती नामंजूर झाली. पुढच्या वर्षी मंजूर झाली, पण सुमारे ३०० सूचनांसह.

सूचना कसल्या? युद्धाचं वर्णन फार काळोखं आहे. बॉम्बहल्ल्याने उद्ध्वस्त झालेल्या शहराचा फोटो, युद्धात अपंग झालेल्या सैनिकाचा फोटो, हे फार निराशाजनक आहे. पुराणकथांबद्दल त्यांनी लिहिलं होतं की त्या सम्राट घराण्याची सत्ता योग्य ठरवण्यासाठी रचल्या गेल्या. त्यावर आक्षेप. 'इतिहास पेलणारी माणसं' अशा शीर्षकाखाली त्यांनी साध्या कष्टकरी लोकांची चित्रं दिली होती, त्यावरही आक्षेप. बघा म्हणजे, २० वर्षांपूर्वी ज्या ओळी शाईने काळ्या केल्या त्या परत छापा असं कोणी म्हटलं नाही. फक्त त्यांच्यावर प्रश्न उभा करणारी वाक्यं मऊ करा, एवढंच.

आणि हे सगळं तोंडी चालायचं. लेखकाला मंत्रालयात बोलवायचं, तपासनीस आक्षेप सांगणार, लेखकाने टिपून घ्यायचं. पुस्तक बाजारात आलं की त्यावर नाव लेखकाचं. कुठलं वाक्य कोणाच्या सांगण्यावरून बदललं याचा पत्ता नाही. इंजिनिअर म्हणून मला हे वाचताना खरंच अंगावर आलं. कोडमध्ये कोणीतरी बदल केला, कमिट मात्र माझ्या नावाने, आणि मेसेज रिकामा.

१२ जून १९६५ ला इएनागांनी सरकारवर खटला भरला. वय ५१. दोन वर्षांनी दुसरा, १९८४ मध्ये तिसरा. देशभरातून हजारो लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, त्यात शिक्षक खूप. घराबाहेर घोषणाबाजी, धमक्या हेही झालं.

१७ जुलै १९७० ला टोकियो जिल्हा न्यायालयात न्यायमूर्ती सुगिमोतो यांनी दुसऱ्या खटल्याचा निकाल दिला. पुस्तकं तपासणं हे मुळात घटनाबाह्य नाही, पण तपासण्याच्या नावाखाली लेखकाच्या विचारात हात घालणं ही सेन्सॉरशिप आहे, आणि इथे तेच झालं. इएनागा जिंकले. फुल्ल विजय. सरकार अपिलात गेलं. आणि मग पुढे काय झालं असेल? १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत खाली पाठवलं, कारण मधल्या काळात अभ्यासक्रमच बदलला होता. १९८९ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, आता या निकालाचा लेखकाला काही उपयोग नाही, म्हणून दावा फेटाळला. तिकीट इतकं जुनं झालं की कोणीतरी ते बंद करून टाकलं. पहिला खटला तर १९९३ मध्ये ते सरळ हरले.

मग यातून मिळालं काय? मी तेच शोधत होतो. मिळालं हे, की तपासनीसांना कोर्टात उभं राहून सांगावं लागलं की ही ओळ का बदलायला सांगितली. बंद खोलीतलं बोलणं नोंदीवर आलं. एकदा नोंदीवर आलं की पेपरात आलं, आणि पेपरात आलं की इतर देशांनीही वाचलं.

१९८२ च्या जूनमध्ये तसंच झालं. बातमी आली की चीनवरच्या 'आक्रमणा'चं पुस्तकात 'आगेकूच' करायला लावलंय. चीन आणि कोरियात प्रचंड संताप. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या वर्षीच्या ज्या उदाहरणावरून बातमी पेटली, ते उदाहरण चुकीचं निघालं. पण मंत्रालय असे शब्द सुचवत आलंय हे खोटं नव्हतं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तपासणीच्या निकषांत शेजारी देशांशी सलोखा राखण्याचं कलम घालावं लागलं. उजव्या बाजूचे लोक ती चुकीची बातमी आजही पुढे करतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केली असती. म्हणूनच अशा भांडणात आपली एक चूक फार महाग पडते.

तिसऱ्या खटल्यात मुख्य मुद्दा होता युनिट ७३१ चा, मांचुरियातल्या त्या लष्करी तुकडीचा, जिने कैद्यांवर जिवंतपणी प्रयोग केले. १९८३ मध्ये मंत्रालयाने तो उल्लेख पूर्ण काढायला लावला होता. कारण काय, तर यावर पुरेसं विश्वासार्ह संशोधन अजून नाही. २९ ऑगस्ट १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तो उल्लेख काढायला लावणं बेकायदेशीर होतं. नानकिंगच्या कत्तलीसह आधीचे तीन मुद्दे उच्च न्यायालयातच मान्य झाले होते. एकूण चार. भरपाई ४ लाख येन. तपासणीची पद्धत मात्र घटनेला धरूनच आहे, असंही कोर्टाने सांगितलं. ३२ वर्षं, चार मुद्दे. इएनागा तेव्हा ८३ वर्षांचे होते. २००२ मध्ये ते गेले.

आणि देवीचं काय झालं? २००१ मध्ये एका राष्ट्रवादी गटाचं नवं इतिहासाचं पुस्तक १३७ दुरुस्त्यांनंतर मंजूर झालं. जिम्मूची कथा त्यात परत होती. पण आता पुस्तक कुठलं लावायचं हे स्थानिक शिक्षण मंडळं ठरवतात, आणि त्या वर्षी ते पुस्तक ०.०३९ टक्के विद्यार्थ्यांपर्यंत पोचलं. लाखात ३९. १९११ मध्ये एका पंतप्रधानाला घाबरवून जे झालं, ते इथे शेकडो मंडळांना पटवून करावं लागत होतं आणि जमलं नाही. चार वर्षांनी हा आकडा दहापट झाला, तरी अर्ध्या टक्क्याच्या आतच राहिला.

आता आपल्याकडचं एक सांगतो आणि थांबतो. २०१७ मध्ये माझी मावसबहीण सातवीत गेली, तेव्हा राज्य मंडळाचं इतिहासाचं पुस्तक बदललं होतं. आम्हाला मुघल बरेच होते, तिच्या पुस्तकात ते खूप आटोपलेले आणि सगळी मांडणी मराठ्यांभोवती. घरात वाद झाला. काका म्हणाले बरं झालं, आपलं आधी शिकू दे. मी म्हणालो, अहो काका, मुघलच नीट कळले नाहीत तर महाराज कोणाशी आणि कसे लढले ते कसं कळणार? दोघंही तावातावाने बोललो. पण काय ठेवावं यावरच भांडलो. हे ठरवलं कोणी आणि कुठलं कारण देऊन, हा प्रश्न दोघांनाही सुचला नाही. टोकियोहून आल्यावर मी ते पुस्तक परत काढलं. सुरुवातीला विषय समितीच्या सदस्यांची नावं छापलेली आहेत, हे चांगलंच आहे. १९६३ च्या जपानपेक्षा बरं. कुठला परिच्छेद का गेला, हे मात्र पुस्तकात कुठे छापत नाहीत. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून आपणच ओळ ओळ जुळवायची. मी दोन धडे जुळवलेत, पुढचे चालू आहेत.

हां, एक राहिलं. त्या सीनियरना मी नंतर विचारलं होतं की आईचं ते पुस्तक आहे का अजून. नाही म्हणाले, घर बदलताना गेलं. पण शाई पातळ होती, म्हणे. पान खिडकीशी धरलं की खालची अक्षरं दिसायची, आणि मधल्या सुट्टीत सगळी मुलं तेच करायची.

तुमच्या घरी माळ्यावर आई-बाबांची किंवा आजोबांची जुनी इतिहासाची पुस्तकं असतील तर समितीच्या पानाचा आणि पहिल्या धड्याचा फोटो काढून पाठवा. वर्ष दिसू द्या फक्त. पुरेसे आले तर त्यावर एक भाग करू. भेटू पुढच्या वेळी.